विज्ञानाच्या तासाला उद्योजकता: कोणत्या क्रमाने शिकवायची आणि गाडी कुठे अडते

विज्ञानातून उद्योजकता शिकवायची म्हटलं की बहुतेक वेळा एकच प्रकार घडतो. मुलं काहीतरी बनवतात, वर्गात टेबलं मांडली जातात, पालक येऊन कौतुकाने वस्तू घेतात आणि शेवटी गल्ला मोजला जातो. वस्तू कुणी घेतली? ज्यांची मुलं ती विकत होती त्यांनी. ती चालते का? कुणी तपासलं नाही. आणि ज्या धड्यासाठी हे सगळं केलं, तो धडा एका तक्त्यावर चिकटवलेल्या व्याख्येपुरता उरतो. मी स्वतः हे दोन वर्षं केलं आहे, त्यामुळे टीका करताना स्वतःलाही धरूनच करतो.

अडचण मुलांच्या उत्साहाची नसते, क्रमाची असते. आपण वस्तूपासून सुरुवात करतो आणि मग तिला धडा चिकटवतो. खाली उलटा क्रम दिला आहे: आधी धडा, मग कुणाची तरी खरी अडचण, मग चाचणी, मग हिशेब आणि सगळ्यात शेवटी मांडणी. उदाहरण सगळीकडे एकच ठेवलं आहे, उष्णतेच्या संक्रमणाचा धडा आणि पाण्याच्या बाटलीचं आवरण. आठवी ते दहावीच्या वर्गाला ते झेपतं.

## तयारी: मुलांना काही सांगण्याआधी

1. धडा निवडा, वस्तू निवडू नका

प्रत्येक धडा ह्या कामाला योग्य नसतो. निवडताना मी तीन प्रश्न विचारतो. त्यात काही मोजता येतं का? फरक एका-दोन तासिकांत दिसतो का? आणि फसलं तर कुणाला इजा होईल का? उष्णतेचं संक्रमण, विद्युत परिपथ, ध्वनीचं शोषण, साधी यंत्रं हे धडे ह्या चाळणीतून आरामात पार होतात.

मिश्रणांचं विलगीकरणही होतं, पण एका अटीवर. मुलं वाळू, खडी आणि कोळशाची गाळणी करतात, खालून स्वच्छ पाणी पडतं आणि लगेच कुणीतरी लिहितं, ‘पिण्यायोग्य पाणी’. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि अशा गाळणीत ते अडकतीलच असं नाही. गढूळपणा मोजा, गाळण्याचा वेग मोजा, पण ‘पिण्यायोग्य’ हा शब्द वर्गात येऊ देऊ नका.

> सावधान: साबण, क्रीम, औषधी लेप आणि खाण्याचे पदार्थ टाळा. साबणीकरण धडा म्हणून सुंदर आहे, पण कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजतो. वेगवेगळ्या तेलांना सोडा वेगवेगळ्या प्रमाणात लागतो. तेल बदललं आणि सोडा तोच ठेवला तर साबणात मोकळा सोडा राहू शकतो. वर थंड पद्धतीचा साबण साधारण 4 ते 6 आठवडे मुरवावा लागतो. लोकांच्या अंगाला लागणारी किंवा पोटात जाणारी वस्तू सुरक्षित आहे हे शाळेच्या प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही.

2. दोनच कौशल्यं धरा

युरोपियन कमिशनने 2016 मध्ये ‘एन्ट्रेकॉम्प’ नावाची चौकट मांडली. तिच्यात उद्योजकतेची 15 कौशल्यं तीन गटांत विभागली आहेत. ती यादी हातात पडली की आपल्याला पंधराच्या पंधरा एका उपक्रमात कोंबायचा मोह होतो. मग निरीक्षणाच्या कागदावर पंधरा रकाने होतात आणि शिक्षक शेवटच्या दिवशी घरी बसून अंदाजाने टिकमार्क करतो. विज्ञानाच्या तासाला दोन कौशल्यं नैसर्गिकपणे येतात: कुणाची गरज नेमकी ओळखणं, आणि पुराव्यावरून निर्णय बदलणं. पहिल्या वर्षी एवढीच धरा.

3. स्वतः एकदा करून बघा

घरी, एकट्याने, घड्याळ लावून. हे न करता वर्गात गेलेला शिक्षक मी लगेच ओळखतो, कारण त्याला चिकटपट्टी ओल्या बाटलीला चिकटत नाही हे मुलांसोबतच कळतं. तुम्हाला एका नमुन्याला 20 मिनिटं लागली तर मुलांना 40 लागतील असं धरा.

4. तासिकांचं गणित आधी मांडा

विज्ञानाला 2, गरज शोधायला 1, पर्यायांना 1, कच्च्या नमुन्याला 1, चाचणीला एक जोडतास, हिशेबाला 1, दुसरा नमुना आणि फेरचाचणीला 2, मांडणीला 1. एकूण 11. वेळ कमी पडणार असेल तर मांडणी कापा. चाचणी कापू नका. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं, कारण मांडणीला पाहुणे बोलावलेले असतात.

5. गट चौघांचे, कामं फिरती

मापन, नोंद, सामान आणि बोलणं अशी चार कामं. प्रत्येक टप्प्याला कामं बदलायची. नाहीतर जो बोलका आहे तो शेवटपर्यंत बोलतच राहतो आणि ज्याचं अक्षर चांगलं तो शेवटपर्यंत लिहीतच राहतो.

## टप्पा 1: विज्ञान आधी, आणि पूर्ण

ह्या दोन तासांत उद्योग, विक्री, ग्राहक हे शब्द काढायचे नाहीत. वहन, अभिसरण, प्रारण नेहमीसारखं शिकवा. दोन गोष्टींवर मात्र जरा जास्त थांबा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

पहिली: आवरण थंडावा निर्माण करत नाही, ते बाहेरची उष्णता आत यायचा वेग कमी करतं. हे मुलांना तोंडपाठ असतं, पण विश्वास बसलेला नसतो. साध्या तापमानाचं पाणी भरलेल्या बाटलीला जाड कोरडा फोम गुंडाळा, शेजारी तशीच उघडी बाटली ठेवा आणि वर्गातल्याच हवेत अर्ध्या तासाने दोन्ही मोजा. दोन्ही जवळजवळ सारख्याच. त्या क्षणी जे चेहरे होतात ते बघण्यासारखे असतात.

दुसरी: बाष्पीभवन खरंच थंड करतं, आणि किती ते मोजता येतं. एक किलो पाणी 5 अंशांनी थंड करायला सुमारे 21 किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. साध्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2.4 किलोज्यूल शोषले जातात. म्हणजे हिशेबाने फक्त 9 ग्रॅमच्या आसपास पाणी उडायला हवं. प्रत्यक्षात जास्त लागतं, कारण त्याच वेळी हवेतून उष्णता परत येत असते. हा आकडा फळ्यावर लिहून तसाच राहू द्या. टप्पा 5 मध्ये त्याची गरज पडेल.

> तपासा: ‘जाड आवरण म्हणजे जास्त थंड पाणी’ हे वाक्य चूक की बरोबर, आणि का, हे वर्गातल्या बहुतेकांना दोन ओळींत लिहिता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: अडचण शोधणं, म्हणजे माणसांना विचारणं

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. मुलं माणसांकडे जातात आणि आपली कल्पना विकतात. समोरचा माणूस भला असतो, मुलांना नाराज कशाला करायचं म्हणून होकार देतो. वहीत नोंद होते: ‘10 पैकी 10 जणांना आवडलं’. ह्या नोंदीची किंमत शून्य आहे.

एका गटाचं शाळेच्या बसचालकांशी झालेलं बोलणं मी बाजूला उभं राहून ऐकलं होतं.

‘काका, पाणी गार ठेवणारं आवरण बनवलं तर तुम्ही घ्याल का?’

‘घेईन की. चांगलंच आहे.’

मुलं खूश होऊन वळली. मी त्यांना परत पाठवलं आणि म्हटलं, आवरणाचं नाव काढू नका, फक्त कालचं विचारा.

‘काका, काल दुपारी तुमचं पाणी गरम झालं होतं का?’

‘झालं होतं ना. काचेजवळ ठेवतो, तापतंच.’

‘मग काय केलंत?’

‘ओतून दिलं. इथे थांबल्यावर परत भरून घेतलं.’

‘बाटली सावलीत का नाही ठेवत?’

‘अहो, गाडी चालवताना हात पोचला पाहिजे. मागे ठेवून काय उपयोग? आणि एका हाताने उघडली पाहिजे.’

दुसऱ्या वेळच्या बोलण्यात तीन गोष्टी मिळाल्या. बाटली थेट उन्हात असते, म्हणजे प्रारण महत्त्वाचं. ती एका हाताने उघडावी लागते. आणि काकांकडे आजच एक फुकटचा उपाय आहे, पाणी ओतून परत भरणं. तुमच्या वस्तूची खरी स्पर्धा त्या उपायाशी असते, दुसऱ्या गटाच्या वस्तूशी नसते.

मुलांना एवढेच नियम द्या:

- घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारायचं. ‘घ्याल का’, ‘आवडेल का’ हे प्रश्न बंद.
- आपली कल्पना सांगायची नाही.
- उत्तर त्या माणसाच्याच शब्दांत लिहायचं. ‘ग्राहकास शीतपेयाची निकड भासते’ असलं काही लिहिलेलं सापडलं तर ते परत पाठवा.
- घरचं माणूस चालेल, पण पाचांत एकच.
- विचारण्याआधी परवानगी घ्यायची, आणि वहीत नाव लिहायचं नाही. ‘बसचालक’, ‘माळी’, ‘खेळाडू’ पुरतं.

पाच माणसं पुरतात. वीस जणांचा तक्ता करून त्यावर टक्केवारी काढायला लावू नका.

> तपासा: प्रत्येक गटाने एक वाक्य लिहायचं: कोण, कधी, कुठे, काय अडतं, आणि सध्या तो काय करतो. ह्या पाचांपैकी एकही जागा रिकामी असेल तर गट परत माणसांकडे जाईल.

## टप्पा 3: एका अडचणीला किमान चार वाटा

पहिली सुचलेली कल्पना मुलांना फार प्रिय असते. ती मोडायचा सोपा मार्ग म्हणजे आणखी तीन मागणं, आणि प्रत्येकीपुढे ती उष्णतेची कोणती वाट अडवते ते लिहायला लावणं. चकचकीत पत्रा प्रारण अडवतो, पण बाटलीला घट्ट चिकटून कुणाचा हात वरून लागत असेल तर वहनाला त्याचा अडसर नाही. फोममध्ये अडकलेली हवा वहन आणि अभिसरण दोन्ही अडवते. ओलं कापड बाष्पीभवन वापरतं. चौथी वाट बहुतेक वेळा वस्तू नसतेच: बाटली ठेवायची जागा बदलणं. ती यादीत आलीच पाहिजे. वस्तू न बनवता अडचण सुटत असेल तर तेही उत्तर आहे, आणि त्या गटाला त्याचे पूर्ण गुण मिळतात. हे मुलांना आधीच सांगा.

## टप्पा 4: कच्चा नमुना, मुद्दाम कच्चा

एक तासिका, आणि सामान मोजून. मी प्रत्येक गटाला 20 टोकन देतो आणि प्रत्येक साहित्याला टोकनांत भाव ठरवतो. परत केलेल्या न वापरलेल्या साहित्याचे टोकन परत मिळतात, कापलेल्याचे मिळत नाहीत. एवढ्याने मुलं कापण्याआधी मोजायला लागतात.

रंग, नाव, बोधचिन्ह, चिकटचित्रं ह्या टप्प्यात बंद. हा नियम कडक पाळा. एकदा वस्तू सुंदर झाली की ती कापून दुरुस्त करायचा जीव होत नाही. एका वर्षी एका गटाने नक्षीकाम केलेलं आवरण आणलं होतं, इतकं देखणं की मीही दोन मिनिटं बघत राहिलो. त्याचं तोंड इतकं अरुंद होतं की झाकण फिरवायला आवरण काढावं लागत होतं. ते त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही.

> सावधान: फोम आणि पुठ्ठा कापताना पातं स्वतःपासून लांब न्यायचं, खाली कापायचा पाट ठेवायचा, एका वेळी एकानेच कापायचं. गरम गोंदाची बंदूक शिक्षकाच्या टेबलावरच.

## टप्पा 5: चाचणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विज्ञानाचा तास आणि उद्योजकता खऱ्या अर्थाने इथेच भेटतात.

आधी तापमापी तपासा. सगळे तापमापी एकाच भांड्यातल्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि वाचा. एकमेकांत एखाद्या अंशाचा फरक दिसला तर आश्चर्य नको. प्रत्येकावर क्रमांक लिहा, फरक नोंदवा, आणि एका बाटलीला शेवटपर्यंत एकच तापमापी वापरा.

मग मांडणी, ह्याच क्रमाने:

1. सगळ्या बाटल्या एकाच आकाराच्या. प्रत्येक गटाची एक आवरणातली आणि एक उघडी. उघडी बाटली नसेल तर चाचणी झालीच नाही असं धरा.
2. थंड पाणी एकाच मोठ्या भांड्यातून, वजन करून भरा. डोळ्यांनी ‘गळ्यापर्यंत’ भरू नका.
3. झाकणाला भोक पाडून तापमापी आत सोडा. दर वेळी झाकण उघडलं तर तुम्ही झाकण उघडण्याची चाचणी करताय.
4. वाचण्याआधी बाटली हलकेच फिरवा. 4 अंशांच्या वर थंड पाणी जड असतं, ते तळाशी बसतं. वर वाचाल तर जास्त, खाली वाचाल तर कमी.
5. दर 5 मिनिटांनी नोंद, 40 मिनिटं. नोंद घेणाऱ्याने आधीचा आकडा झाकून ठेवायचा.
6. वेगवेगळ्या दिवशी तीनदा. जमलं नाही तर निदान दोनदा.

आकडे हाती आल्यावर पहिली तपासणी लघुतम मापाची. तापमापीवर खुणा एकेका अंशाच्या असतील आणि दोन आवरणांत अर्ध्या अंशाचा फरक असेल, तर त्या दोन आवरणांत फरक आढळला नाही, बस्स. मुलांना हे पचत नाही. ‘पण सर, आमचं अर्ध्याने कमी आहे ना!’ त्यांना दुसऱ्यांदा मोजायला लावा, बहुधा आकडे उलटे येतात.

दुसरी तपासणी सुरुवातीच्या तापमानाची. पाणी आणि हवा ह्यांच्या तापमानातला फरक जेवढा मोठा, तेवढं पाणी भराभर तापतं. 8 अंशांवरून सुरू झालेली बाटली आणि 15 अंशांवरून सुरू झालेली बाटली ‘किती अंशांनी तापली’ ह्यावर तोलता येत नाहीत.

आता ओल्या कापडाचा गट. हा गट थंड पाण्याच्या चाचणीत हमखास मागे पडतो आणि खट्टू होतो. सुकलेल्या कापडाच्या गटापेक्षाही वाईट निकाल! इथे घाईने ‘ही कल्पना फसली’ म्हणू नका. त्यांना तापमापीच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळून वारा घालायला सांगा. कोरडा तापमापी 34 अंश दाखवत असेल आणि हवेत 40 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर ओला साधारण 24 वर येऊन थांबतो. ओलं कापड पाण्याला जास्तीत जास्त तिथपर्यंत ओढू शकतं. पाणी 34 वर असेल तर ते खाली येईल. पाणी 10 वर असेल तर त्याच कापडातून उष्णता आत जाईल, म्हणजे आवरण बाटली तापवायला मदत करेल.

म्हणून ह्या गटाची चाचणी साध्या तापमानाच्या पाण्यावर पुन्हा घ्या, बाटली आधी आणि नंतर वजन करून. फळ्यावरचे ते 9 ग्रॅम आठवतात? वजनातली घट आणि तापमानातली घट शेजारी ठेवून मुलं स्वतः ताडून बघतात. आणि मग गट ज्या निष्कर्षावर येतो तो मला ह्या सगळ्या उपक्रमात सगळ्यात मोलाचा वाटतो: दोन आवरणांचे ग्राहकच वेगळे आहेत. ज्याच्याकडे थंड पाणी मिळायची सोय आहे त्याला फोम, ज्याच्याकडे नाही त्याला ओलं कापड, तेही कोरड्या हवेत. दमट दिवसात ओल्या कापडाचा फार उपयोग नाही, हे त्यांनी ग्राहकाला स्वतःहून सांगायचं आहे.

> तपासा: थंड बाटलीबाहेर पाणी दिसलं की मुलं ‘बाटली गळते’ म्हणतात. पुसून, वजन करून बघायला लावा. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमते, आणि जमताना उष्णता सोडते. फोमच्या आत पाणी साचत असेल तर तेही नोंदवा. ओला फोम उष्णता तितकी अडवत नाही.

## टप्पा 6: हिशेब

चाचणी झाल्याशिवाय हिशेबाला बसू नका. न चालणाऱ्या वस्तूचा खर्च काढून उपयोग नाही.

मुलं खर्च म्हणजे फक्त सामान धरतात, आणि तेही क्षेत्रफळाने भागून. समजा फोमचा ताव 100 बाय 100 सेंटीमीटर आहे आणि एका आवरणाला शिवणीसह 28 बाय 22 चा तुकडा लागतो. 10,000 भागिले 616, उत्तर 16 आणि थोडं. वहीत ‘16 नग’ लिहून मोकळे. आता त्यांना तावाच्या मापाचा कागद द्या आणि आखायला सांगा. सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवले तर एका बाजूला 3 आणि दुसऱ्या बाजूला 4, म्हणजे 12 निघतात. चार नग हवेत गेले.

इथे थांबा आणि मुलांना खटपट करू द्या. कुणीतरी काही तुकडे फिरवून बघतं. 28, 28, 22 आणि 22 मिळून बरोबर 100 होतात. दोन पट्ट्यांत तुकडे आडवे लावले तर प्रत्येकी 4, उरलेल्या दोन पट्ट्यांत उभे लावले तर प्रत्येकी 3. एकूण 14. दोन नग मिळाले, एक टोकनही जास्त न घालता. मात्र रुंदीत एक मिलिमीटरही उरत नाही, त्यामुळे कात्री वाकडी गेली की एक तुकडा गेला. मग 14 ची जोखीम घ्यायची की 12 वर समाधान मानायचं? हा निर्णय गटाने घ्यायचा, कारणासकट लिहायचा. मी ह्यात बोलत नाही.

सामानानंतर तीन गोष्टी जोडायच्या. बिघडलेले नग: 14 कापले आणि 2 बिघडले तर तावाचा खर्च 12 नगांवर पडतो. वेळ: घड्याळ लावून मोजलेला, आणि पहिल्या नगाचा नव्हे, हात बसल्यानंतरचा. आणि सुरुवातीला वाया गेलेले कच्चे नमुने. ते मुलं हमखास विसरतात, कारण ते ‘आधीचे’ असतात.

शेवटी त्या बसचालक काकांचा फुकटचा उपाय समोर ठेवायचा. पाणी ओतून परत भरायला त्यांना काय पडतं? थोडा वेळ, थोडं पाणी. तुमचं आवरण त्याहून सोयीचं आहे का? उत्तर ‘नाही’ असू शकतं.

## टप्पा 7: बदलायचं, चालू ठेवायचं की सोडायचं

आता प्रत्येक गटाने लेखी निर्णय द्यायचा. तीनच पर्याय: एक गोष्ट बदलून पुन्हा चाचणी, आहे तसं पुढे, किंवा सोडून देणं. ‘एक गोष्ट’ ह्यावर भर द्या. फोमची जाडी, तोंडाचा आकार आणि बाहेरचा पत्रा तिन्ही एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही.

सोडून देणाऱ्या गटाला दुसऱ्या गटात विखरू नका. त्यांनी आपण का सोडलं हे आकड्यांनी मांडायचं. असा गट उभा राहून ‘आमचं आवरण उघड्या बाटलीपेक्षा वेगळं ठरलं नाही’ असं सांगतो तेव्हा वर्गात कुणी हसणार नाही ही जबाबदारी तुमची.

## टप्पा 8: मांडणी

ह्यावर फार वेळ घालवू नका. तीन मिनिटं बोलणं, दोन मिनिटं प्रश्न. एकच अट: प्रत्येक दाव्याला स्वतःच्या वहीतला आकडा पाहिजे. ‘पाणी तासन् तास गार’ चालणार नाही. ‘32 अंशांच्या खोलीत 40 मिनिटांत उघडी बाटली इतक्या अंशांनी तापली, आमची इतक्या, तीन चाचण्या, उन्हात तपासलं नाही’ हे चालेल. ‘काय तपासलं नाही’ हे वाक्य सक्तीचं.

विक्री करायचीच असेल तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या, पैसे मोठ्यांच्या हाती ठेवा, आणि किती विकलं गेलं ह्याचा गुणांशी संबंध ठेवू नका.

## गुण कसे द्यायचे

मी 20 पैकी असे देतो: अडचणीची नोंद 4, चाचणीची शिस्त 6, आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष 5, हिशेब 3, मांडणी 2. देखणेपणाला शून्य. हे वाटप पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. प्रयोगवहीत खाडाखोड असली पाहिजे. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली स्वच्छ वही दिसली की ती शेवटच्या रात्री उतरवली आहे असं समजा आणि गटाला तोंडी विचारा: तिसऱ्या चाचणीच्या दिवशी मोजत कोण होतं?

## मध्येच अडलं तर

सगळे गट एकच वस्तू बनवताहेत. टप्पा 2 घाईत झाला. गटांना वेगवेगळ्या माणसांकडे पाठवा: एकाला बसचालक, एकाला मैदानावरचे खेळाडू, एकाला माळी.

आकडे फारच छान येताहेत. बनवलेले असतील. ओरडू नका, त्याच गटाकडून सगळ्या वर्गासमोर एक चाचणी पुन्हा करून घ्या.

एकाच मुलीने सगळं केलं. कामं फिरली नाहीत. पुढच्या टप्प्यात तिला फक्त सामान द्या.

पालकांनी घरी नमुना बनवून दिला. नमुना वर्गात उघडा आणि गटाला वर्गातच तसाच दुसरा बनवायला सांगा, दिलेल्या टोकनांत.

तासिका संपल्या, फेरचाचणी राहिली. मांडणी रद्द करा आणि त्या तासाला फेरचाचणी घ्या. पाहुण्यांना बोलावलं असेल तर त्यांच्या हातात तापमापी द्या.

पुढच्या वर्षीसाठी प्रत्येक गटाची वही, तापमापींच्या फरकांचा तक्ता आणि सोडून दिलेल्या कल्पनांची यादी एका फायलीत लावून ठेवा. नवीन वर्गाला ही फाईल टप्पा 3 संपल्यावरच दाखवायची, आधी दाखवली तर ते तीच उतरवतात.